खाऱ्या पाण्याची टाकी हलवताना: अमोनियाचा जमाखर्च

समुद्री मासे पाळणाऱ्या माझ्या ओळखीच्या ज्या ज्या लोकांनी आपली टाकी बदलली, त्यांतल्या बहुतेकांचे मासे प्रवास नीट सोसून नव्या टाकीत पोहोचले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळाशी बसून, कल्ले भराभर हलवत दगावले. पाणी काचेसारखे स्वच्छ, तापमान ठीक, क्षारता ठीक, आणि तरीही मासे गेले म्हणून माणूस बुचकळ्यात पडतो. कारण जवळजवळ प्रत्येक वेळी अमोनिया हेच असते. यंदा आमचे बिऱ्हाड रत्नागिरीहून वेंगुर्ल्याला हलले आणि माझ्या २०० लिटरच्या टाकीतले सारे जीव तिथल्या ४०० लिटरच्या नव्या टाकीत न्यावे लागले. त्या निमित्ताने जे वाचले, मोजले आणि करून पाहिले, ते इथे सविस्तर लिहून ठेवतो आहे. कोकणात हा छंद जोपासणाऱ्यांच्या अडचणी मुंबई-पुण्याच्या दुकानांत मिळणाऱ्या सल्ल्याच्या पलीकडच्या असतात. आपल्याकडे समुद्र दाराशी आहे, पण वीज, उकाडा आणि पावसाळा यांचे गणितही आपल्यालाच सोडवावे लागते.

आधी अमोनियाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. मासा प्रथिने खातो, त्यांतला जो नत्र शरीराला लागत नाही तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. उरलेले खाद्य, विष्ठा आणि मेलेले जीव कुजतानाही अमोनियाच तयार होतो. पाण्यात त्याची दोन रूपे असतात: एक अमोनियम आयन, जो माशाला तुलनेने फारसा बाधत नाही, आणि दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून थेट रक्तात शिरतो. या दोहोंचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, आणि तापमानावर ठरते. गोड्या पाण्याच्या टाकीत सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो; समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ असतो आणि आपल्याकडच्या तापमानाला त्यातला साधारण ६ ते ९ टक्के अमोनिया मुक्त रूपात असतो. गोड्या पाण्यातल्या गप्पी माशाने निभावून नेलेला आकडा समुद्री माशाच्या जिवावर बेततो तो यामुळे. मुक्त अमोनिया लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमच्या आत राहावा असे सर्वसाधारणपणे मानतात, आणि ०.०५ च्या पुढे कल्ल्यांना इजा होऊ लागते.

हा अमोनिया रोज तयार होतो आणि रोज नाहीसाही होतो, कारण टाकीतले सूक्ष्मजीव त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावे वर्षानुवर्षे आहेत. नायट्राइटचे काम पुष्कळ टाक्यांत नायट्रोस्पायरा करतात हे नंतर कळले. मला मात्र सर्वांत आनंद देणारी नोंद २००५ सालची आहे. अमेरिकेतील सिॲटल येथील मत्स्यालयाच्या एका समुद्री टाकीतल्या खड्यांवरून शास्त्रज्ञांनी नायट्रोसोपुमिलस मॅरिटिमस हा सूक्ष्मजीव वेगळा केला. तो जिवाणू नसून आर्किया या जिवाणूंहून वेगळ्या सूक्ष्मजीवांच्या गटातला आहे, अमोनियावर जगतो, आणि त्याच्या कुळातले जीव जगभरच्या समुद्रांत अफाट संख्येने आहेत असे पुढे आढळले. समुद्राच्या नत्रचक्रातला इतका मोठा कामकरी एका मत्स्यालयाच्या टाकीत सापडावा, हे आपल्यासारख्यांनी अभिमानाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हे सूक्ष्मजीव पाण्यात तरंगत नाहीत म्हटले तरी चालेल. ते खडकांवर, वाळूच्या कणांवर, फिल्टरच्या स्पंजवर आणि काचांवर चिकटून राहतात. त्यामुळे 'जुने पाणी नेले की जुनी टाकी नेली' ही समजूत चुकीची आहे. शिवाय त्यांची संख्या जागेच्या नव्हे, अन्नाच्या हिशेबात असते. टाकीत रोज जितका अमोनिया निर्माण होतो तेवढाच फस्त करता येईल इतकेच ते असतात, त्याहून फार अधिक नाहीत. साधे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर या मंडळींना दुप्पट व्हायला अर्धा ते एक दिवस आणि कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो.

टाकी हलवताना नेमके काय बिघडते ते यावरून स्पष्ट होते. वाळू टाकून दिली, काचा मागे राहिल्या, फिल्टर काही तास बंद पडला, म्हणजे अमोनिया खर्ची घालणारी यंत्रणा कमी झाली. त्याच तासांत खडकांच्या भेगांतले किडे, स्पंज (फिल्टरचे नव्हे, सजीव) आणि बारीक शंख मरू लागले, तळचा गाळ ढवळला गेला, म्हणजे जमा वाढली. जमा वाढणे आणि खर्च घटणे या दोन गोष्टी एकाच दिवशी घडतात, आणि त्यांतला फरक पाण्यात साचून राहतो. टाकी हलवण्याची सगळी तयारी म्हणजे हा फरक आधीच ओळखून दोन्ही बाजूंनी कमी करणे होय.

खर्चाची बाजू बळकट करण्यासाठी मी नवी टाकी वेंगुर्ल्याला मामांच्या घरी आधीच उभी करून ठेवली. कालवांची जुनी, उन्हापावसाने पांढरी पडलेली शिंपले उकळून, घासून, जाळीच्या पिशव्यांत भरली आणि रत्नागिरीच्या टाकीच्या फिल्टरमध्ये काही आठवडे ठेवली. शिंपले कॅल्शियम कार्बोनेटची असतात आणि त्यांचा खडबडीत पृष्ठभाग सूक्ष्मजीवांना चांगला मानवतो. पुष्कळ जण जांभ्याचे तुकडे वापरू का असे विचारतात. जांभा सच्छिद्र आहे हे खरे, पण तो लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी बनलेला असतो, त्यात चुना नाही, आणि समुद्री टाकीत लोहाचा असा मोठा साठा ठेवायला माझे मन धजत नाही. या पिशव्या ओल्याच, टाकीतल्याच पाण्यात बुडवून वेंगुर्ल्याला नेल्या आणि नव्या टाकीच्या फिल्टरमध्ये ठेवल्या.

मासे अजून रत्नागिरीतच असल्यामुळे त्या सूक्ष्मजीवांना नव्या टाकीत खाणे मिळणार नव्हते. ते बाहेरून द्यावे लागते, आणि त्यासाठी नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, हा सर्वांत नेमका उपाय आहे. कल्हईसाठी बाजारात मिळणारा नवसागर शुद्धतेची खात्री नसल्यामुळे मी घेतला नाही. प्रयोगशाळेसाठी साहित्य विकणाऱ्या दुकानातून शुद्ध प्रतीचा आणला. लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र, म्हणजे अमोनियातला नत्र, मिळण्यासाठी १०० लिटर पाण्याला सुमारे पाऊण ग्रॅम नवसागर लागतो, म्हणजे ४०० लिटरला सुमारे ३ ग्रॅम. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वजन करून कागदाच्या पुड्या बांधल्या आणि मामांना फोनवर सांगितले की चाचणीत अमोनिया शून्यावर आला की एक पुडी घालायची, तोवर हात लावायचा नाही. "अरे, माशांच्या पाण्यात नवसागर कित्याक घालूक सांगतंस?" असा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. मासे येण्याआधी त्यांच्या घरातल्या सफाई कामगारांना जेवू घालायचे आहे, असे सांगितल्यावर मात्र त्यांनी आणि मामीने हे काम इतक्या मनापासून केले की भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक चाचणीचा रंग लिहून ठेवला. मेलेली कोळंबी टाकून टाकी तयार करण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात किती अमोनिया सुटतो यावर आपला काहीही ताबा राहत नाही आणि घरभर वास सुटतो तो वेगळाच.

एक पूर्ण पुडी एका दिवसात नाहीशी होऊ लागली की टाकी तयार झाली असे मानता येते, कारण याचा अर्थ ४०० लिटरची ही यंत्रणा दिवसाला ८०० मिलिग्रॅम अमोनिया-नत्र पचवते आहे. याची तुलना माशांच्या रोजच्या अमोनियाशी करून पाहा. मत्स्यपालनात खाद्याचे वजन, त्यातील प्रथिनांचे प्रमाण आणि ०.०९२ यांचा गुणाकार करून अमोनिया-नत्राचा अंदाज बांधतात. त्यानुसार ४५ टक्के प्रथिने असलेल्या १ ग्रॅम खाद्यातून साधारण ४० मिलिग्रॅम अमोनिया-नत्र तयार होतो. माझे दोन क्लाउनफिश, निळे डॅमसेल आणि एक गोबी मिळून दिवसाला २ ग्रॅमच्या आतच खातात, म्हणजे माशांचा रोजचा अमोनिया ८० मिलिग्रॅमच्या आसपास. तयार केलेली क्षमता त्याच्या दहापट आहे, आणि ती तेवढी हवीच, कारण भीती माशांपेक्षा मरणाऱ्या जिवांची अधिक असते. ५ ग्रॅम मांसाची एक गोगलगाय खडकामागे नकळत मेली आणि पूर्ण कुजली, तर तिच्यातून अंदाजे १२० मिलिग्रॅम नत्र सुटतो. म्हणजे सगळ्या माशांच्या दिवसभराच्या अमोनियाहून अधिक. १०० लिटरच्या टाकीत हाच आकडा लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या पुढे जातो, ४०० लिटरमध्ये ०.३ वर थांबतो. मोठी टाकी घेण्याचा खरा लाभ हा आहे.

या कामाला प्राणवायू किती लागतो याचाही विचार करावा. १ मिलिग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट होताना सुमारे ४.५७ मिलिग्रॅम प्राणवायू खर्च होतो. ८०० मिलिग्रॅमसाठी साडेतीन ग्रॅमहून अधिक प्राणवायू लागणार, आणि २८ अंश सेल्सिअसला पूर्ण भरलेल्या समुद्रपाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, म्हणजे ४०० लिटरच्या टाकीत एकूण अडीच ग्रॅमच्या आसपास. टाकीतल्या सगळ्या विरघळलेल्या प्राणवायूहून अधिक प्राणवायू हे अदृश्य जीव एका दिवसात वापरतात! त्यामुळे या काळात एअर पंप दिवसरात्र चालू हवा. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची सामू टिकवून धरण्याची क्षमता, हीदेखील याच प्रक्रियेत खर्च होते, म्हणून मासे आणण्यापूर्वी ती मोजून घ्यावी. मासे निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत पुड्या चालू ठेवाव्यात, शेवटची पुडी पूर्ण पचू द्यावी आणि मग निम्म्याहून अधिक पाणी बदलावे, कारण तोवर टाकीत नायट्रेट बरेच साठलेले असते.

पाण्याविषयी आपण किनाऱ्यावरची माणसे भाग्यवान आहोत, पण समुद्राचे पाणी केव्हा आणि कुठून घेतो याला महत्त्व आहे. मामांच्या शेजारचे रापणकर काका पाण्याच्या बाबतीत माझे गुरूच झाले. भरती पूर्ण भरली असता, खाडीच्या मुखापासून दूर, खडकाळ टोकापाशी पाणी घ्यावे. सुकतीला खाडीचे पाणी बाहेर पडत असते, त्यात गोडवा आणि गाळ दोन्ही असतात. उधाणाच्या भरतीने तळ ढवळला जातो, म्हणून अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी अधिक नितळ मिळते. बंदराच्या जेटीजवळचे पाणी डिझेल आणि मासळी धुतलेल्या पाण्यामुळे टाळावे. पावसाळ्यात नद्यांचे पाणी येऊन किनाऱ्यालगतची क्षारता खाली येते, तेव्हा तर हा विचारही करू नये.

आणलेले पाणी लगेच टाकीत ओतू नये. त्यात असंख्य प्लवक जीव असतात, ते पिंपात मरतात आणि त्यांचाही अमोनियाच होतो. झाकण असलेल्या पिंपांत, अंधारात, थोडी हवा सोडत हे पाणी दोन-तीन आठवडे ठेवावे, वरचे नितळ पाणी काढून घ्यावे आणि वापरण्यापूर्वी त्याचा अमोनिया तपासावा. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी भरण्यासाठी मी विहिरीचे पाणी वापरतो, पण ग्रामपंचायतीने विहिरीत टीसीएल पावडर टाकली असेल तर ते पाणी एक दिवस हवेखाली ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेट घालून क्लोरीनमुक्त करावे लागते. थायोसल्फेट क्लोरीन काढते. अमोनियावर त्याचा काहीही परिणाम होत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आणि फिल्टरचे स्पंज नळाच्या पाण्याखाली धुण्याइतका मोठा अपराध टाकी हलवताना दुसरा नाही. ते टाकीतल्याच पाण्यात पिळावेत.

आता जमेची बाजू, आणि तिथे पहिला क्रमांक वाळूचा. काही वर्षे एका जागी असलेल्या वाळूच्या थरात वरून दिसत नाही इतका गाळ साठलेला असतो. काचेच्या कडेने पाहिले तर खाली काळा पट्टा दिसतो. तिथे प्राणवायू नसतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड असतो. ही वाळू फावड्याने उपसून तशीच नव्या टाकीत घातली की काही तासांत अमोनिया आणि सल्फाइड दोन्ही पाण्यात येतात. माझे ठाम मत आहे की जुनी वाळू नेऊच नये. वरच्या बोटभर थरातली वाटीभर वाळू बीज म्हणून घ्यावी, समुद्राच्याच पाण्यात दोनदा विसळावी आणि बाकीची मागे ठेवावी. टाकी उतरवतानाचा क्रमही त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो: आधी वरचे नितळ पाणी नळीने पिंपांत काढावे, मग खडक वाळू न ढवळता अलगद उचलावेत, मग मासे पकडावेत, आणि वाळूला हात सर्वांत शेवटी लावावा. खडक काढल्यावर मासे पकडणे सोपे जाते, आणि खडक असताना जाळीने पाठलाग केला तर मासे थकतात, वाळूही ढवळते.

खडकांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. टाकी मोठी झाली की आणखी जिवंत खडक, म्हणजे सूक्ष्मजीव आणि बारीक जीव वसलेले खडक, हवेसे वाटतात आणि मालवणच्या किनाऱ्यावर ते दिसतातही. मालवणचा तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळांना तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तिथला एक तुकडाही उचलू नये. जागा भरायची असेल तर कोरडे, विकत मिळणारे कृत्रिम खडक घ्यावेत; ते काही महिन्यांत आपोआप जिवंत होतात.

आपल्याजवळचे खडक मात्र प्रवासभर पाण्याखालीच ठेवावेत. ओल्या गोणपाटात गुंडाळून थोडा वेळ निभते, पण रत्नागिरीहून लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ असे करत वेंगुर्ल्याला पोहोचायला जे तास लागतात त्यांत स्पंज आणि किडे मरतात आणि त्यांचे परिणाम पुढचा आठवडाभर भोगावे लागतात. मी खडक समुद्रपाण्याने भरलेल्या पिंपांत ठेवले आणि प्रत्येक पिंपात बॅटरीवरच्या एअर पंपाचा एअरस्टोन सोडला. स्थिर पाण्यात दाटीने ठेवलेल्या खडकांभोवतीचा प्राणवायू लवकर संपतो, म्हणून हवा अत्यावश्यक आहे. उतरल्यावर प्रत्येक खडक हातात घेऊन वास घ्यावा. समुद्राचा वास आला तर ठीक, कुजका आला तर तो खडक वेगळ्या बादलीत ठेवून काही दिवस पाहावा. प्रत्येक खडक स्वच्छ समुद्रपाण्यात हलवून मगच टाकीत ठेवावा. खडकांबरोबर आलेल्या पाण्याची मी चाचणी घेतली तेव्हा किटचा रंग गडद हिरवा झाला. ते पाणी 'जुने, सवयीचे' म्हणून टाकीत ओतणारे अनेक जण आहेत, आणि त्यांना कळवळून सांगावेसे वाटते की ते ओतू नका.

फिल्टरचेही तसेच. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर पाण्यासकट तसाच गाडीत टाकला तर आतले सूक्ष्मजीव प्रवाह थांबताच प्राणवायूवाचून गुदमरतात, आणि वेंगुर्ल्याला पोहोचून बटण दाबले की आतले सडलेले पाणी थेट टाकीत येते. डबा उघडून आतली सामग्री उघड्या बादलीत, हवेच्या बुडबुड्यांत न्यावी आणि डबा रिकामा न्यावा.

मासे नेताना दोन दिवस आधी खाद्य थांबवावे. रिकाम्या पोटी मासा प्रवासात बराच कमी अमोनिया सोडतो. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरून, त्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवाव्यात. मासळी बाजारात वापरलेले खोके स्वस्त मिळते, पण त्यात मासळीचे पाणी मुरलेले असते, म्हणून नवेच घ्यावे. आम्ही रात्रीच निघालो, त्यामुळे बर्फाच्या बाटल्या लागल्या नाहीत.

पिशवी उघडण्याचा क्षण हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण असतो. बंद पिशवीत मासा अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतो, त्याने पाण्याचा सामू खाली येतो आणि साठलेला बहुतेक अमोनिया निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडून तिच्यात थेंबथेंब टाकीचे पाणी सोडत तासभर बसले, की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया मुक्त होऊन माशाच्या कल्ल्यांत शिरतो. सावकाश सवय लावण्याचा सल्ला सद्भावनेने दिला जातो, पण लांबच्या प्रवासानंतर तो घातक ठरू शकतो. म्हणून दोन्ही टाक्यांची क्षारता आधीच सारखी करून ठेवावी (मी दोन्हीकडे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ठेवले होते), बंद पिशवी तापमानासाठी पाण्यावर थोडा वेळ तरंगू द्यावी, आणि उघडताच मासा लगेच टाकीत सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत घालू नये.

पुढचे दोन आठवडे चाचणी रोज घ्यावी. बाजारातल्या सॅलिसिलेट पद्धतीच्या किटवर एकूण अमोनिया दिसतो, मुक्त आणि अमोनियम मिळून, आणि पिवळ्यावरून हिरव्याकडे जाणारा त्याचा पहिला टप्पा डोळ्यांना नीट ओळखू येत नाही. म्हणून नव्या टाकीच्या नमुन्याशेजारी एखाद्या स्थिरावलेल्या टाकीच्या पाण्याचा नमुना ठेवून दोन्ही दिवसाच्या उजेडात पाहावेत. आकडा आला की त्याचा अर्थ लावावा लागतो: एकूण ०.५ मिलिग्रॅम, सामू ८.१ आणि तापमान २८ असेल तर मुक्त अमोनिया साधारण ०.०३ होतो, म्हणजे मर्यादेच्या थोडा वर. अशा वेळी खाद्य बंद करावे, मेलेले शंख शोधून काढावेत आणि पाव ते तृतीयांश पाणी बदलावे. बदलायचे पाणी टाकीपेक्षा अधिक सामूचे नसावे, नाहीतर एकूण अमोनिया कमी होऊनही मुक्त अमोनिया वाढू शकतो. माझ्या टाकीत पहिल्या आठवड्यात किंचित हिरवट छटा दिसली आणि ओसरली. खडकांतले काही जीव गेले असणार, पण आधीपासून पोसलेल्या सूक्ष्मजीवांनी ते सांभाळून घेतले. नायट्राइट त्यामागोमाग दिसले तरी फार घाबरू नये. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड मुबलक असल्यामुळे नायट्राइट कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही, आणि गोड्या पाण्यातल्या माशांइतका त्याचा धोका इथे नसतो.

कोळंबी प्रकल्पांवर काम केलेले मित्र हमखास झिओलाइट हे खनिज टाकायला सांगतात. गोड्या पाण्यात झिओलाइट अमोनियम शोषते, परंतु समुद्राच्या पाण्यातील प्रचंड सोडियम त्याच्या जागा आधीच व्यापून टाकते, त्यामुळे आपल्या टाकीत त्याचा उपयोग नगण्य असतो. अमोनिया बांधून ठेवणाऱ्या द्रावणाची एक बाटली आणीबाणीसाठी घरात असावी, मात्र ती वापरल्यावर नेसलर या दुसऱ्या पद्धतीच्या किटचा आकडा विश्वासार्ह राहत नाही. बाटलीबंद जिवाणूंबद्दल माझा अनुभव संमिश्र आहे. आपल्या उकाड्यात कुरिअरने फिरून आलेल्या बाटलीत किती जिवंत उरले असतील, याचा भरवसा देता येत नाही. हिरव्या शेवाळाचा, विशेषतः उल्वाचा, मला अधिक भरवसा वाटतो. ते अमोनियम भराभर शोषते, मात्र ते पांढरे पडू लागले की त्याच क्षणी बाहेर काढावे, नाहीतर घेतलेले सारे परत देते.

वेळेची निवडही याच हिशेबात येते. माघ-फाल्गुनात रात्री गार असतात, समुद्र नितळ असतो आणि वीज त्या मानाने टिकते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत विजेचे खांब आडवे केले, तेव्हा स्थिरावलेल्या टाक्याही संकटात आल्या होत्या. नुकत्याच हलवलेल्या टाकीला असा खंड मुळीच परवडत नाही, कारण हवा थांबली की सूक्ष्मजीवांचे कामही थांबते. इन्व्हर्टर नसेल तर निदान बॅटरीवरचे दोन एअर पंप चार्ज करून हाताशी ठेवावेत.

खाद्य पहिले दोन दिवस बंद, त्यानंतर नेहमीच्या चौथाईने सुरू करून आठवड्यागणिक वाढवावे, आणि प्रत्येक वाढीनंतर दुसऱ्या दिवशी अमोनिया व नायट्राइट तपासावे. दोन्ही नेहमीच्या पूर्ण खाद्यावर सलग आठवडाभर शून्य राहिले, तर टाकी हलवण्याचे काम संपले असे मी धरतो. नवे मासे त्यानंतर, आणि तेही एकेक करून, दोन माशांमध्ये तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवून आणावेत, कारण पुड्या बंद झाल्यापासून सूक्ष्मजीवांची संख्या हळूहळू असलेल्या माशांपुरती खाली येत असते आणि महिन्याभरापूर्वीची दहापट क्षमता आता शिल्लक नसते.